जपून ठेवलेले टायर

कौस्तुभ रेडकरचा शर्यतीत एकदा एकविसावा नंबर आला, मग बाविसावा आला, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा एकविसावा आला. चोवीस गाड्यांत. पण त्यात त्याचा काहीच दोष नव्हता, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोष टायरचा होता.

शर्यत म्हणजे ऑटोक्रॉस. वालीवला कारखान्यांच्या मागे एका बंद गोदामाचं प्रशस्त काँक्रीटचं आवार आहे. वर्षातून एकदा, रविवारी, एक हौशी मोटर क्लब तिथे नारिंगी कोन मांडतो आणि ज्याला त्याला आपापल्या घरच्या गाडीने, एका वेळी एक, त्या कोनांमधून नागमोडी पळू देतो. घड्याळ लावलेलं असतं. कोन पाडला की दोन सेकंद दंड. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. इथे गॅरेजवाले येतात, दातांचे डॉक्टर येतात, वडिलांच्या गाडीवर स्वतःचं नाव चिकटवलेली कॉलेजची मुलं येतात. आणि कौस्तुभ येतो, जो एरवी अंधेरीच्या एका विमा कंपनीत लोकांचे अपघाताचे दावे नाकारतो.

टायर वाईट आहेत तोवर प्रत्येक माणूस उत्तम ड्रायव्हर असतो, आणि कौस्तुभ तीन वर्षं फारच उत्तम ड्रायव्हर होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी नुसतं "काय, कशी झाली रेस?" विचारलं, की हा हाताच्या पंजाने वळण काढून दाखवायचा आणि गाडी नेमकी कुठे घसरली ते पाऊण तास समजावायचा. पकडच नाही हो टायरला, नाहीतर पहिल्या पाचात होतो. ऐकणारा हातातली भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचा आणि हो हो म्हणायचा.

त्याची लाल हॅचबॅक वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस कव्हरखाली झाकलेली असे. रोज वापरली की गाडीची लय बिघडते, असं कौस्तुभचं मत होतं. त्याची बायको उन्नती विरारला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. ती रोज स्कूटरवरून हायवेने जायची, एका बाजूला दुभाजक आणि दुसऱ्या बाजूला ट्रेलर. तिची काही लय बिघडत नसावी, कारण कौस्तुभने तो मुद्दा कधी काढला नव्हता.

जुलैत एका संध्याकाळी ती घरी आली ती डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून. ट्रेलरने खड्ड्यातलं सगळं पाणी तिच्या अंगावर घातलं होतं आणि स्कूटर अर्धी आडवी झाली होती. कौस्तुभ तेव्हा लॅपटॉपवर टायरचा व्हिडिओ बघत होता. ती ओरडली नाही. टॉवेलने तोंड पुसत म्हणाली, "तुला टायर हवेत ना? घे. हवे ते घे. पण मग ह्या वेळी पहिल्या दहात यायचं. आलास तर गाडी तुझी, मी परत कधी विषय काढणार नाही. नाही आलास तर गाडी माझी. रोज. विरारला."

"डन," कौस्तुभ म्हणाला.  गाडी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की आता टायर चांगले असणार होते.

मग त्याने टायर निवडायला घेतले. लोकांनी मुलीसाठी स्थळं बघताना इतकी चौकशी केली नसेल. लॅपटॉपवर तक्ता तयार झाला. त्यात टायरची रुंदी, बाजूच्या भिंतीची उंची, रबराचा मऊपणा, हवा किती भरायची, कोणत्या आठवड्यात बनला, सगळ्याला रकाने आणि सगळ्याला गुण. टायरच्या अंगावर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. तो जितका लहान तितकं रबर मऊ, पकड चांगली, आणि टायर लवकर संपणार. हे ज्ञान कौस्तुभने पंधरा दिवसांत मिळवलं आणि पुढचे दोन महिने ते उन्नतीला, शेजाऱ्यांना, आणि एकदा गॅस सिलिंडर आणणाऱ्याला दिलं. परदेशी टायर गाडीच्या निम्म्या किमतीचे निघाले. पुण्याच्या एका रेसरचे वापरलेले स्वस्तात मिळत होते, पण ते सहा वर्षांचे, रबर दगड झालेलं. कंपनीचे साधे टायर पन्नासेक हजार किलोमीटर टिकणारे आणि वळणावर साबणासारखे घसरणारे. खिशाला परवडेल, शर्यतीत पळेल, असं मधलं काही सापडेना.

शेवटी तो श्रीपतकाकांकडे गेला. वालीव नाक्यावर त्यांचं टायरचं दुकान. ज्या आवारात शर्यत व्हायची, तिथे एकेकाळी काकांच्याच घरची भातशेती होती. जमिनीवर गोदाम उभं राहिलं आणि काका गोदामात येणाऱ्या ट्रकांना टायर विकू लागले. तोंडात काडी धरून ते गिऱ्हाइकाचं सगळं बोलणं ऐकून घेत.

"काका, झिजेचा आकडा दोनशेच्या आसपास हवा," कौस्तुभ म्हणाला. "बाजूची भिंत कडक हवी. आणि टायर निदान पाच-सहा वर्षं टिकला पाहिजे."

"म्हनजे मऊ पन पायजे आनि झिजायला पन नको?"

"बरोबर."

"असा टायर कोनी बनवला तर मला पयला सांग. हे सगलं इकून मी तोच ठेवीन." काकांनी मागच्या रांगेतल्या एका टायरवर थाप मारली. "ह्यो घे. आपल्या देशातलाच हाय. मऊ हाय, पकड देतो, किंमत पन बरी. होळीचा जेन्सन ह्योच नेतो."

जेन्सनचं नाव ऐकल्यावर कौस्तुभने त्या टायरवरून हात काढून घेतला. जेन्सन होळी गावात भाजीचे मळे करणारा. मागची सीट काढून टाकलेल्या जुन्या गाडीतून अळू, पालक, वांगी बाजारात नेणारा. त्याच गाडीने शर्यतीला यायचा, कधी कधी अळूची पानं आत तशीच असायची, आणि तीन वर्षं तो पहिल्या पाचात होता. कौस्तुभच्या मते ते नशीब होतं. भाजीवाल्याला रबराच्या रसायनातलं काय कळणार?

"अभ्यास करून सांगतो," तो म्हणाला.

अभ्यास आणखी सहा आठवडे चालला. सगळे रकाने भरले, गुणांची बेरीज झाली, आणि पहिल्या नंबरावर आला तो काकांनी थाप मारलेला टायर. कौस्तुभने बेरीज तीनदा तपासली. मग दुकानात जाऊन, जणू काही हे नाव काकांनी आयुष्यात ऐकलंच नसेल अशा आवाजात, त्याने तेच चार टायर मागितले.  काकांनी फक्त काडी तोंडाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली.

टायर जुन्या, पण सरळ रिमांवर चढवले. म्हणजे चार चाकं अशी की शर्यतीच्या जागी नेऊन तिथेच बदलायची, रोजच्या रस्त्याचा विटाळ नको. कौस्तुभने ती घरी आणली, बाल्कनीत एकावर एक रचली आणि वर उन्नतीच्या माहेरून आलेली नवी चादर घातली. कपड्यांची दोरी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली. दसऱ्याला चाकांना हळदकुंकू झालं, आणि फोडलेल्या लिंबाचा रस रबराला लागू नये म्हणून लिंबू जरा लांबच ठेवलं गेलं. नव्या टायरला बारीक रबरी केस असतात, साच्यातून निघताना राहिलेले. कौस्तुभ रोज ऑफिसातून आल्यावर चादर उचलून त्या केसांवरून हलकेच हात फिरवायचा. त्याला मनापासून बरं वाटायचं. एवढी चांगली वस्तू त्याने स्वतःसाठी आजवर घेतली नव्हती.

हे रेडकरांच्या रक्तातच होतं म्हणा. चांगली वस्तू घ्यायची ती ठेवण्यासाठी. लग्नात आलेला कपबशांचा सेट बारा वर्षं काचेमागे, चहा टवके उडालेल्या कपातून. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला कव्हर, कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर जुनी चादर. नवा शर्ट कार्याला, आणि कार्य येईपर्यंत तो घट्ट झालेला. कौस्तुभला यात काही विचित्र वाटत नसे, त्याच्या ओळखीची सगळी घरं अशीच चालत होती.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी उन्नतीने लॅबमध्ये बदली माणूस देऊन दिवस मोकळा केला, फक्त संध्याकाळी सहाला जाऊन रिपोर्ट तपासून सोडायचे होते. गाडीत दोन चाकं डिकीत, एक मागच्या सीटवर पट्टा लावून, आणि चौथं उन्नतीच्या मांडीवर. "घट्ट धर," कौस्तुभ म्हणाला, ते चाकाला लागेल म्हणून. वालीवपर्यंतचा दहा मिनिटांचा रस्ता त्याने खड्डे चुकवत अर्ध्या तासात काढला.

आवारात पोचल्यावर त्याने जॅक लावला, जुनी चाकं काढली, नवी चढवली, नट आवळले. एवढ्यात जेन्सन आला. उंच, उन्हाने रापलेला, हातात केळं.

"अरे वा! माझेच घेतलेस की रे!" तो खुशीत म्हणाला. "मस्त आहेत. ह्या वर्षात माझा हा दुसरा सेट. पयला खाऊन टाकला."

कौस्तुभने वाकून जेन्सनच्या गाडीचे टायर पाहिले. कडा गुळगुळीत, रबर गोळा होऊन चिकटलेलं. त्याने बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. "एवढ्यात संपवलास? सराव किती करतोस?"

"मग काय करू, लोणचं घालू?" जेन्सन हसला आणि केळं खात निघून गेला.

कौस्तुभचा नंबर आला. हेल्मेट चढलं, झेंडा पडला, गाडी सुटली. पहिल्या वळणावर टायरने नुसता चूं असा आवाज केला आणि कौस्तुभचा पाय आपोआप वर आला. दुसऱ्या वळणावर त्याने आवाज होण्याआधीच पाय काढला. उरलेली फेरी त्याने इतकी नीट, इतकी सांभाळून काढली की एकही कोन हलला नाही. शेवटची रेघ ओलांडताना त्याला वाटत होतं, आज जमलं. किती सफाईदार गेली गाडी!

फळ्यावर वेळ आली. चौसष्ट सेकंद. गेल्या वर्षी जुन्या टायरवर त्याने बासष्ट काढली होती. चोवीस गाड्यांत तेविसावा. चोविसावे होते एक दातांचे डॉक्टर, ते वाट चुकून कोनांच्या बाहेर गेले होते.

"टायर अजून गरम झाले नाहीत," कौस्तुभ उतरता उतरता म्हणाला. "पहिली फेरी अशीच असते."

उन्नती चाकापाशी उकिडवी बसली होती. तिने बोट पुढे केलं. "कौस्तुभ, ह्याचे केस तसेच आहेत."

"कसले केस?"

"हे बघ ना. कडेचे सगळे. एकही गेला नाहीये."

जेन्सन बघायला आला. त्याने वाकून पाहिलं, मग दुसऱ्या चाकाचं पाहिलं, आणि मग तो असा हसला की पलीकडचे गॅरेजवालेही आले. एकेक जण वाकायचा, बोटाने रबराचे केस चाळवायचा आणि हसत उठायचा. कुणीतरी म्हणालं, शोरूममधून परस्पर आली का रे गाडी? कौस्तुभचे कान तापले. आजवर हरल्याची लाज त्याला कधी वाटली नव्हती, ती टायरच्या खात्यावर जायची. आज ती त्याच्या स्वतःच्या अंगावर आली आणि काही केल्या उतरेना.

गर्दी पांगल्यावर उन्नतीने हळूच विचारलं, "तू टायर वाचवत होतास का रे?"

"काहीतरीच काय!"

 जेन्सन मात्र थांबला होता. आता तो हसत नव्हता. "ऐक. आवाजाला घाबरू नको. तो ओरडतोय म्हणजे धरून हाय. लांब वळणावर पाय काढू नको, बस. दुसरं काय नाय त्यात."

दुसऱ्या फेरीआधी कौस्तुभने मनाशी ठरवलं. गाडी जाता कामा नये. झिजू देत, फाटू देत, पाय काढायचा नाही. झेंडा पडला आणि त्याने खरंच दाबली. पहिलं वळण, टायर ओरडला, पाय तसाच. दुसरं वळण, पाय तसाच. मग ते लांब, पसरट वळण आलं. त्याने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळली. घसरली नाही, रेंगाळली नाही, जिकडे बघितलं तिकडे गेली. कौस्तुभ हेल्मेटच्या आत मोठ्याने हसला. चाळीस वर्षांच्या आयुष्यात असं काही त्याला झालं नव्हतं. तीन वर्षं जे पंजाने हवेत काढून दाखवत होता, ते हे होतं.

आणि तेवढ्यात त्याची नजर आरशात गेली. मागे काँक्रीटवर दोन काळ्या रेघा उमटल्या होत्या, ताज्या, लांबलचक. त्या रेघा म्हणजे त्याचं रबर होतं. आठवडेच्या आठवडे तक्त्यात मांडलेलं, चादरीखाली ठेवलेलं, हात फिरवलेलं रबर, वालीवच्या काँक्रीटला फासलेलं. त्याने मनाशी काहीच ठरवलं नाही. पाय वर आला. पुढची चार वळणं त्याने वरातीच्या गाडीसारखी काढली.

अठ्ठावन्न पूर्णांक सात. तेरावा नंबर. दहाव्याची वेळ होती सत्तावन्न पूर्णांक नऊ.

फळ्यासमोर दोघं उभी होती. कौस्तुभला वाटत होतं उन्नती काहीतरी लागट बोलेल, मग आपणही भांडू, भांडणात वारा, ऊन, काँक्रीटचा उतार असं काही काही काढता येईल. ती फक्त म्हणाली, "तेरावा म्हणजे चांगलाच आलास की." ते खरंच मनापासून होतं, आणि म्हणून जास्त लागलं.

बक्षिसं झाली. जेन्सन दुसरा आला. कौस्तुभ गाडीपाशी गेला, डिकीतून जॅक काढला आणि पुढच्या चाकाचे नट सैल करायला बसला.

"काय करतोयस?" उन्नतीने विचारलं.

"जुनी चाकं लावतो. ठरल्याप्रमाणे गाडी तुझी. मी शब्द मोडणारा नाही." हे म्हणताना त्याचा आवाज जरा भरून आला, स्वतःच्याच मोठेपणाने. "तुला विरारला जायला ती जुनी पुरेत. हे टायर मी बाल्कनीत ठेवतो. रोजच्या वापराला असे टायर कुणी लावत नाही."

उन्नतीने जुन्या चाकांकडे बोट केलं. "ती जुनी म्हणजे, ज्यांना पकडच नाही असं तू तीन वर्षं सांगतोयस, ती?"

"अगं, ते शर्यतीच्या दृष्टीने..."

"मी ट्रेलरच्या बाजूने जाते, कौस्तुभ. पावसात जाते. आणि तू चांगले टायर चादरीखाली ठेवणार?"

 रोज दहा-बारा लोकांचे दावे नाकारणाऱ्या त्या माणसाला हा एक दावा नाकारता येईना. पलीकडे जेन्सन गाडीत क्रेट लावत होता, त्याने ऐकलं नसल्यासारखी पाठ फिरवली. कौस्तुभला एकाएकी जुलैतली ती संध्याकाळ आठवली, चिखलाने भरलेला तिचा चेहरा, आणि आपण व्हिडिओ थांबवला नव्हता तेही आठवलं. त्याला स्वतःची किळस आली. तो उठला आणि सैल केलेले नट परत आवळू लागला. पहिल्यांदा हाताने, मग पान्याने, मग पान्यावर पाय देऊन.

"किल्ली," उन्नती म्हणाली.

त्याने दिली. जुनी चाकं मागे कोंबली आणि तो शेजारच्या सीटवर बसला. ह्या गाडीत तो त्या बाजूला पहिल्यांदाच बसत होता.

आवारातून बाहेर पडल्यावर पहिल्या खड्ड्यात चाक दण्णकन आपटलं. कौस्तुभने दात आवळले. दुसऱ्याला त्याने डोळे मिटले. उन्नती खड्डे चुकवत नव्हती, त्या रस्त्याला खड्डे चुकवायचे म्हणजे घरीच बसावं लागतं. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. नाक्यावर ती वळण घेत असताना डावीकडून एक रिक्षा, इशारा नाही, हॉर्न नाही, सरळ पुढ्यात घुसली. उन्नतीने पाय काढला नाही. स्टिअरिंग गर्रकन फिरवलं, टायर ओरडले, गाडी रिक्षाला वळसा घालून जिथे जायला हवी तिथे जाऊन सरळ झाली. रिक्षातला माणूस तोंड वासून बघत राहिला.

"बरे आहेत की टायर," उन्नती म्हणाली, आणि गिअर बदलला.

कौस्तुभने वरचं हँडल घट्ट धरलं होतं.  ते वळण त्याला आवारातल्या लांब वळणापेक्षाही जास्त कळलं होतं, पायापासून मानेपर्यंत. त्याला झिजेचा आकडा आठवला नाही, रबर आठवलं नाही. त्याला एवढंच वाटलं की आपण गाडी झाकून ठेवली आणि हे सगळं हातचं घालवलं.

"उन्नती," तो म्हणाला, "मागे फिरवून परत एकदा घेतेस ते वळण?"

"मला सहाला रिपोर्ट सोडायचेत," ती म्हणाली, आणि गाडी विरारच्या रस्त्याला लागली.